ओरु वडक्कन वीरगाथा: पुत्तूरम घरातल्या वैराविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मल्याळम चित्रपट बघायला लागलेला मराठी प्रेक्षक कधी ना कधी या चित्रपटापाशी येतो. पहिल्या अर्ध्या तासात नावांच्या आणि नात्यांच्या गर्दीत तो अडखळतो आणि मग प्रश्न सुरू होतात. नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

हा चित्रपट कोणाचा? कधीचा?

१९८९ सालचा. दिग्दर्शक हरिहरन, पटकथा एम. टी. वासुदेवन नायर यांची, निर्माते गृहलक्ष्मी प्रॉडक्शन्सचे पी. व्ही. गंगाधरन. मामूट्टी चंदूच्या भूमिकेत आहे. सुरेश गोपी आरोमल, माधवी उण्णियार्चा, बालन के. नायर कण्णप्पन चेकवर, कॅप्टन राजू अरिंगोडर आणि गीता कुंजी. लांबी पावणेतीन तासांच्या आसपास. शीर्षकाचा अर्थ ‘उत्तरेकडची एक वीरगाथा’. उत्तर म्हणजे इथे उत्तर मलबार, केरळचा उत्तरेकडचा भाग.

गोष्ट थोडक्यात सांगा, पण शेवट फोडू नका.

शेवट न सांगता या चित्रपटाबद्दल बोलताच येत नाही. १९८९ साली केरळात थिएटरात शिरणाऱ्या जवळपास प्रत्येकाला शेवट ठाऊक होता, कारण गोष्ट आजीच्या तोंडून ऐकलेली होती. तेव्हा तुम्हीही बिनधास्त वाचा.

चंदू हा पोरका मुलगा. मामा कण्णप्पन चेकवर त्याला पुत्तूरम घरी आणून वाढवतो. कळरीत, म्हणजे शस्त्रविद्येच्या आखाड्यात, हा भाचा मामाच्या सख्ख्या मुलाला, आरोमलला, सरस ठरू लागतो आणि तिथेच ठिणगी पडते. मामाची मुलगी उण्णियार्चा आणि चंदू यांचा एकमेकांवर जीव असतो, पण तिचं लग्न आट्टुम्मणम्मेल घराण्यातल्या कुंजिरामनशी लागतं. पुढे आरोमलवर एका द्वंद्वाची कामगिरी येते. समोर अरिंगोडर, म्हणजे ज्याच्याकडून चंदूही विद्या शिकला तोच गुरू. आरोमलचा मदतनीस म्हणून चंदूला बोलावणं येतं. द्वंद्वात आरोमल जिंकतो, पण घरी परततो तो मरणाच्या जखमेनिशी. चंदूनं दगा दिला, एवढं बोलून तो प्राण सोडतो. काही वर्षांनी आरोमलचा मुलगा कण्णप्पनुण्णी आणि उण्णियार्चाचा मुलगा आरोमलुण्णी सूड घ्यायला चंदूच्या दारात उभे राहतात. चित्रपट सुरू होतो तो या प्रसंगापासून. बाकी सगळं मागे वळून सांगितलेलं आहे.

नावं डोक्यात राहत नाहीत. काही युक्ती?

चार जणांना धरून ठेवा: मामा (कण्णप्पन), मामेभाऊ (आरोमल), मामेबहीण (उण्णियार्चा) आणि आतेभाऊ (चंदू). बाकी सगळी माणसं या चौघांपैकी कोणाची तरी नवरा, बायको, मुलगा किंवा गुरू आहेत. आणखी एक खूण म्हणजे नावाच्या शेवटचं ‘उण्णी’. कण्णप्पनुण्णी आणि आरोमलुण्णी ही पुढच्या पिढीची मुलं. आजोबाचं नाव नातवाला आणि मामाचं नाव भाच्याला मिळालेलं आहे. म्हणजे चंदूशी लढायला येणाऱ्यांच्या नावातच मागच्या पिढ्या आहेत.

हे वैर दोन घराण्यांतलं आहे की एकाच घरातलं?

जाहिरातीपुरतं म्हणायचं तर पुत्तूरम विरुद्ध अरिंगोडर. मला हे वर्णन फसवं वाटतं. अरिंगोडरचं आरोमलशी पिढीजात वाकडं नाही. दुसऱ्या एका सरदार घराण्यात दोन भावांचा गादीवरून वाद होतो, एक भाऊ आरोमलला नेमतो, दुसरा अरिंगोडरला, म्हणून ते समोरासमोर येतात. खरं वैर एकाच ओसरीवरचं आहे. मुलगा आणि भाचा, म्हाताऱ्याचा लाडका कोण, कळरी पुढे कोण चालवणार, कोणाच्या हाताखाली कोण उभं राहणार. जखम बाहेरच्या मैदानात होत असली तरी ती वर्षानुवर्षं जेवणाच्या पानावर चिघळत आलेली असते.

सुरेश गोपीचा आरोमल या दृष्टीनं नीट बघण्यासारखा आहे. तो दुष्ट नाही. तो शूर आहे, देखणा आहे, सगळे त्याला ओवाळतात, आणि तरीही घरात आपल्यापेक्षा चांगला तलवारबाज आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. त्याचा अर्धा उद्धटपणा या माहितीतून येतो.

उण्णियार्चावर चंदूचा हक्क होता असं सारखं का म्हणतात?

मराठी माणसाला हे समजवायला फार शब्द लागू नयेत. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, ही रीत आपल्याकडेही अनेक समाजांत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. मलबारात या नात्यातल्या मुलीला मुरप्पेण्णु म्हणतात. तेव्हा चंदूला नकार मिळतो तो केवळ प्रेमभंग नव्हे. आश्रित म्हणून वाढलेल्या मुलाला रिवाजानं जे मिळायला हवं तेही मिळत नाही. घरात त्याची जागा नक्की कुठे आहे, हे त्याला त्या दिवशी कळतं.

त्यात उत्तर मलबारातल्या अनेक समाजांत मातृवंशीय वारसापद्धत होती. मामाची मालमत्ता आणि मान भाच्याकडे जाण्याची ती पद्धत. त्यामुळे मामाच्या घरातला भाचा म्हणजे दयेवर वाढलेलं पोर, एवढंच चित्र स्थानिक प्रेक्षकाच्या डोक्यात नसतं. मुलाला भाच्याची धास्ती वाटावी असं काही त्या हवेतच होतं.

चेकवर म्हणजे कोण? आणि अंकम म्हणजे युद्ध का?

युद्ध नव्हे. अंकम म्हणजे ठरवून, दिवस नेमून, लोकांसमोर होणारं द्वंद्व. सरदारांचा वारसाहक्काचा वा मानापानाचा वाद बोलून मिटला नाही, तर दोन्ही पक्ष आपापला चेकवर नेमायचे. ज्याचा चेकवर जगला त्याची बाजू खरी. लढाईसाठी उंच मांडव उभारायचे, त्याला अंकत्तट्टु म्हणतात. चेकवराला मोबदला म्हणून पैशांची थैली मिळायची. पुत्तूरमचे चेकवर तिय्या समाजातले.

म्हणजे ज्यांच्या भांडणाशी आपला काडीचा संबंध नाही त्यांच्यासाठी मारायचं किंवा मरायचं, हा पिढीजात धंदा. पटकथेत ही गोष्ट भाषण न देता येत राहते. वडील गेले, आजोबा गेले, कोणत्या अंकममध्ये, कोणासाठी, अशी उजळणी ही माणसं इतकी सहज करतात की अंगावर काटा येतो. आपल्या वकिलाला न्यायालयात हरल्यावर फाशी दिली जात नाही, एवढाच फरक.

लोकगीतात काय आहे आणि चित्रपटानं काय बदललं?

हा खरा प्रश्न, म्हणून जरा सावकाश.

उत्तर मलबारातल्या या गीतांना वडक्कन पाट्टुकळ म्हणतात. त्यांचे दोन मोठे जथे: एक पुत्तूरम घराण्याचा, दुसरा तच्चोळी ओतेनन या वीराच्या तच्चोळी घराण्याचा. भातलावणी करताना बाया ती गायच्या, पाणन समाजाचे गायक ती गावोगाव न्यायचे. आपल्याकडे पोवाड्यानं माणसं मोठी झाली आणि पाडलीही गेली, तसंच तिथे.

गाण्यातली कथा अशी. अरिंगोडरनं दाखवलेल्या आमिषाला चंदू भुलतो. आरोमलची तलवार बनवायला लोहाराकडे जातो तेव्हा पातं मुठीत बसवणारे लोखंडी खिळे काढून लाकडी खुंट्या मारायला सांगतो. ऐन द्वंद्वात तलवार मोडते. चंदू दुसरी तलवार देत नाही. आरोमल मोडकं पातं फेकूनच अरिंगोडरला मारतो. मग दमून भागून चंदूच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो, आणि चंदू दिव्याच्या दांड्यानं त्याला भोसकतो. पुढे आरोमलुण्णी चंदूचा वध करून मामाचा सूड घेतो.

आता पटकथाकार एमटींची करामत बघा. या घटनांपैकी जवळपास एकही त्यांनी टाकून दिलेली नाही. लोहार आहे, लाकडी खुंट्या आहेत, मोडकी तलवार आहे, दिवा आहे, मरता मरता उच्चारलेलं नाव आहे. बदललं आहे ते फक्त प्रत्येक घटनेमागचं कारण.

खुंट्यांचंच घ्या. चित्रपटात चंदू तलवार घडवून आणतो ती प्रामाणिकपणे. लोहाराला फितवते ती अरिंगोडरची मुलगी कुंजी. तिचं चंदूवर प्रेम आहे आणि बापाचा जीव वाचावा अशी धडपड आहे. मोडक्या तलवारीचा दोष मात्र ती आणणाऱ्याच्या माथी बसतो, कारण ती आणली चंदूनं हे सगळ्या गावानं पाहिलेलं असतं. मग द्वंद्व संपल्यावरचा प्रसंग. विश्रांतीच्या जागी फक्त दोघे, साक्षीदार कोणी नाही. गाणं म्हणतं, झोपलेल्याला मारलं. चित्रपट म्हणतो, जिंकूनही संतापलेला आरोमल दगाबाजीचा आरोप करत चंदूवर धावून गेला आणि झटापटीत दिव्याची जखम त्यालाच झाली. बाहेर आलेल्या लोकांना दोन्ही गोष्टींत एकच दृश्य दिसलं असतं.

उण्णियार्चाच्या घरचा प्रसंगही तसाच. तिचा नवरा घरी नसताना चंदू रात्री तिच्या खोलीत सापडतो. गाण्यात तो वाईट हेतूनं शिरलेला असतो. चित्रपटात ती स्वतः त्याला बोलावते, नवरा अचानक परततो आणि ती शब्द फिरवते.

एमटींनी असं आधीही केलं होतं. १९८४ साली आलेल्या त्यांच्या ‘रंडामूळम’ या कादंबरीत महाभारत भीमाच्या नजरेतून उलगडतं. तिथेही प्रसंग व्यासांचेच, उजेड दुसऱ्या बाजूनं पडलेला. १९९५चा ज्ञानपीठ त्यांना मिळाला. २५ डिसेंबर २०२४ रोजी ते गेले.

म्हणजे चंदू निर्दोष होता?

पटकथा तसं म्हणते असं समजून बरेच जण बाहेर पडतात. माझं मत जरा वेगळं आहे. आपण जे बघतो ते चंदूच्याच आठवणीतून बघतो. जो पोवाडा ऐकून लोक त्याला दगाबाज म्हणत आले तो आरोमलच्या बाजूनं रचलेला. चित्रपट चंदूच्या बाजूनं. दोन्हीकडे एकाच बाजूचा साक्षीदार. मामूट्टीनं हे ओळखलं असावं, कारण त्याचा चंदू कुठेही बिचारा होत नाही. शेवटाकडे, सूड घ्यायला आलेल्या पोरांना निःशस्त्र करून, आपण कोणाकोणापुढे कसे हरत गेलो ते तो सांगतो, तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार आहे तेवढाच अहंकारही आहे. मला हरवणं तुम्हांला जमणार नाही, हे त्याला सांगायचंच असतं. आणि अखेर गाण्यातल्यासारखा तो त्यांच्या हातून मरत नाही. स्वतःचं मरण तो स्वतःच ओढवून घेतो.

केरळात आजही दगाबाज माणसाला ‘चतियन चंदू’ म्हणतात. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही, तसंच. असं नाव एकदा म्हणीत जाऊन बसलं की कितीही चांगला चित्रपट आला तरी ते तिथून निघत नाही. फरक इतकाच पडला की आता ते नाव घेताना निदान एका पिढीच्या डोळ्यांपुढे मामूट्टी येतो.

उण्णियार्चावर अन्याय झाला, या टीकेत तथ्य आहे का?

आहे. गीतांतली उण्णियार्चा ही मलबारची लाडकी वीरांगना. नवऱ्याबरोबर जत्रेला निघाली असताना वाटेत गुंड अडवतात, नवरा थरथर कापतो आणि ती कमरेची उरुमी, म्हणजे लवचीक पात्याची तलवार, काढून एकटी सगळ्यांना पुरून उरते, हे तिचं गाणं मुलांना पाठ असतं. चित्रपटात तिची धार राहते, पण ती चंदूला दोनदा फसवणारी बाई होते. कुंजीचंही तेच: प्रेमापोटी केलेल्या तिच्या कृत्यानं चंदू बुडतो आणि ती फास लावून घेते. एका पुरुषाचा डाग धुवायला दोन बायकांवर चिखल उडवला, असा याचा हिशेब अनेक अभ्यासकांनी मांडला आहे. समस्त स्त्रीजातीवर घसरणारा चंदूचा एक प्रसिद्ध संवाद आजच्या थिएटरात तेवढ्या टाळ्या घेईल असं वाटत नाही.

बचावात एवढंच म्हणता येईल की माधवीनं उण्णियार्चा सपाट होऊ दिलेली नाही. शब्द फिरवतानाचा तिचा चेहरा बघा. नवरा, बाप, भाऊ, घराण्याचं नाव यांच्या कचाट्यात तिच्यापाशी पर्याय किती होते, ते तिथे दिसतं.

हे सगळं खरंच घडलं होतं का?

हाती आहेत ती गाणी. परंपरा ही मंडळी सोळाव्या शतकाच्या आसपासची मानते. गाणी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी आली, गायकागणिक तपशील बदलले. द्वंद्वाची रीत, कळऱ्या, चेकवर हा सगळा समाजव्यवहार खरा होता. त्या रात्री दिव्यापाशी काय झालं, ते विचारू नका.

लढाया खऱ्या कळरीपयट्टूच्या आहेत की सिनेमाच्या?

दोन्हींचं मिश्रण, पण पाया कळरीचा. पारंपरिक कळरी जमिनीत खणलेली असते, ४२ फूट लांब, २१ फूट रुंद. नैर्ऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची पूत्तरा, म्हणजे देवतेची जागा. शिकणारा आधी अंगाला तेल लावून शरीर घडवतो, मग लाकडी काठ्या, मग धातूची शस्त्रं, शेवटी रिकाम्या हातांची विद्या. चित्रपटात बालपणापासूनचा हा क्रम दिसतो, म्हणून पुढच्या लढाया उसन्या वाटत नाहीत. लहान चंदू झालेला विनीत कुमार आणि लहान उण्णियार्चा झालेली जोमोल या दोघांचे प्रसंग घाईत ओलांडू नका. वैराची मुळं तिथेच आहेत.

आजच्या तारेवर उडणाऱ्या मारामाऱ्यांची सवय असेल तर वेग कमी वाटेल. तलवार उचलण्याआधी माणसं इथे बराच वेळ एकमेकांना जोखतात.

संगीतकार बॉम्बे रवी म्हणजे आपले तेच रवी?

तेच. ‘वक्त’ आणि ‘चौदहवीं का चाँद’चे रवी. हिंदीत काम मंदावल्यावर हरिहरन यांनी त्यांना १९८६ साली मल्याळममध्ये आणलं आणि तिथे ते ‘बॉम्बे रवी’ म्हणून पुन्हा उभे राहिले. या चित्रपटात येशुदास यांनी गायलेलं ‘चंदनलेप सुगंधम्’ ऐका. मल्याळमचं एक अक्षर कळत नसलं तरी पहिल्या ओळीतले निम्मे शब्द ओळखीचे निघतील. गीतकार कैतप्रम आणि के. जयकुमार. जयकुमार सनदी अधिकारी होते आणि पुढे केरळचे मुख्य सचिव झाले. गीतं लिहिणारा मुख्य सचिव महाराष्ट्राच्या वाट्याला कधी येणार, देव जाणे.

महाराष्ट्राशी आणखी काही धागा?

छायालेखक रामचंद्र बाबू पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेले. दिव्याच्या आणि मशालींच्या उजेडातले प्रसंग बघताना त्यांचं नाव लक्षात ठेवा. माधवी हिंदी प्रेक्षकांना ‘एक दूजे के लिए’ आणि अमिताभच्या ‘अग्निपथ’मधून माहीत आहेच. आणि मामूट्टीची ओळख मराठी घरांत बहुतेक वेळा जब्बार पटेलांच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर या चित्रपटामुळे झालेली असते. त्या भूमिकेसाठीही त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुरस्कार कोणते मिळाले?

३७व्या राष्ट्रीय पुरस्कारांत चार: अभिनेता मामूट्टी (‘मतिलुकळ’ या दुसऱ्या चित्रपटासह), पटकथा एमटी, आणि कलादिग्दर्शन व वेशभूषा अशी दोन्ही पी. कृष्णमूर्ती यांना. सर्वोत्कृष्ट मल्याळम चित्रपटाचा मान मात्र त्या वर्षी ‘मतिलुकळ’कडे गेला. केरळ राज्य पुरस्कारही बरेच आले.

कृष्णमूर्तींच्या कामाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इथे भरजरी राजवाडे नाहीत. उघडी अंगं, साधी वस्त्रं, लाकूड, माती, पितळ. पोशाखी चित्रपट म्हणजे चकचकीत मुकुट, ही त्याआधीची समजूत इथे मोडली.

आधी याच गोष्टीवर चित्रपट झाले होते का? कोणता आधी बघू?

झाले होते. उदया स्टुडिओच्या कुंचाको यांनी १९६१ साली ‘उण्णियार्चा’, १९७२ साली ‘आरोमलुण्णी’ आणि १९७७ साली ‘कण्णप्पनुण्णी’ काढला. त्या परंपरेत चंदू सरळसरळ खलनायक. मल्याळी प्रेक्षक हे सगळं पचवून १९८९ साली थिएटरात आला होता, म्हणून धक्का मोठा बसला. तुम्हांला आधी काही बघायची गरज नाही. वर दिलेली गाण्यातली कथा माहीत असली की पुरे. नंतर मात्र जयराज यांचा ‘वीरम’ (२०१६) बघा. त्यात हाच चंदू शेक्सपियरच्या मॅकबेथच्या अंगरख्यात येतो, म्हणजे पुन्हा गुन्हेगार ठरतो. हरिहरन, एमटी आणि मामूट्टी हे त्रिकूट २००९ साली ‘पळश्शी राजा’त पुन्हा एकत्र आलं. तो आकारानं मोठा आहे. मी वीरगाथेच्या बाजूनं.

जुनी प्रत फार धूसर आहे. चांगली कुठली?

४के तंत्रानं स्वच्छ केलेली आवृत्ती ७ फेब्रुवारी २०२५ रोजी केरळात पुन्हा प्रदर्शित झाली. शक्यतो तीच मिळवा, आणि उपशीर्षकांसह. इथे संवादच अर्धी लढाई लढतात.

मुलांना दाखवायला हरकत नाही ना?

दहा-बारा वर्षांच्या पुढे हरकत नाही. रक्तपात आजच्या मानानं कमी. आत्महत्येचे प्रसंग आहेत, तेव्हा सोबत बसा.

या मुलखात जायचं असेल तर?

गाण्यांतला कडत्तनाड म्हणजे आजच्या कोळिकोड जिल्ह्यातला वडकरा परिसर. कोकण रेल्वेनं केरळात उतरणाऱ्या गाड्या कन्नूरनंतर वडकऱ्यावरूनच कोळिकोडला जातात. वडकऱ्याजवळचं लोकनारकावु मंदिर तच्चोळी ओतेननशी जोडलेलं आहे. पुत्तूरमच्या मंडळींपेक्षा तिथे ओतेननच्याच गोष्टी जास्त ऐकायला मिळतील. चित्रीकरणाची जागा बघायची असेल तर आणखी दक्षिणेला गुरुवायूरजवळच्या पुन्नत्तूर कोट्टेत जा. तिथे आता देवस्थानचे हत्ती बांधलेले असतात. वाड्याच्या जुन्या भागात हिंडताना चित्रपटातल्या चौकटी ओळखू येतात, फक्त पायाखाली हत्तींचा चारा असतो, तेव्हा चपला जपून.